दरबार आणि बाजार

आपल्या व्यापारी बंधूंच्या बैठकीत गेली दोन वर्षे एक तक्रार हटकून ऐकू येते. सरकार आमच्याकडून कर वसूल करते आणि लोकांना फुकट वाटून टाकते, लोक आळशी होतात आणि बोजा मात्र दुकानदारावर! जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आणली. वर्षाला अडीच लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील २१ ते ६५ वयाच्या महिलांच्या खात्यात दरमहा १५०० रुपये जमा होऊ लागले, तेव्हापासून या तक्रारीला जोर चढला आहे. गंमत अशी की, हीच तक्रार करणारा किराणा दुकानदार हप्ता जमा झाल्याच्या आठवड्यात उधारीची वही घेऊन वसुलीला बसतो, आणि त्या आठवड्यात वसुली बरी होते हेही तोच सांगतो. एकाच तोंडून निघणाऱ्या या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा?

हा मेळ सहा शतकांपूर्वी एका मुस्लिम विद्वानाने घातला होता. ट्युनिस येथे १३३२ मध्ये जन्मलेले आणि पुढे कैरोमध्ये काजी झालेले इब्ने खल्दून यांनी १३७७ मध्ये 'मुकद्दमा' लिहिला. त्यांच्या एका विचाराला अमेरिकेत मोठी प्रसिद्धी मिळाली. राजवटीच्या आरंभी कराचे दर हलके असतात, लोक उमेदीने उद्योग करतात व खजिन्यात भरपूर रक्कम जमा होते. राजवट उतरणीला लागली की दर वाढतात आणि वसुली मात्र घटते. करकपातीचे पुरस्कर्ते राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८१ मध्ये पत्रकार परिषदेत याच विचाराचा आधार घेतला होता. आपल्याकडचे लोकही तो मोठ्या अभिमानाने सांगतात.

परंतु हे अर्धेच झाले. त्याच ग्रंथात इब्ने खल्दून यांनी दुसरी बाजूही मांडली आहे. राजदरबार हा साऱ्या बाजारांतील सर्वात मोठा गिऱ्हाईक असतो. सुलतानाने खजिन्याला कुलूप लावले, लष्कराचे व नोकरांचे पगार आखडले, तर त्यांचा खर्च थांबतो, दुकानांत माल पडून राहतो, व्यापाऱ्याचा नफा आटतो आणि शेवटी सुलतानाचा करही आटतो. पैसा प्रजा आणि सुलतान यांच्यात फिरता राहिला पाहिजे. तो एका जागी अडला की दोघांचे नुकसान, असे त्यांचे म्हणणे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचा गाजलेला ग्रंथ १९३६ मध्ये आला. त्यात आधुनिक गणित व मांडणी आहे, पण मंदीत सरकारने हात आखडला की बाजार आणखी बसतो, हे मर्म दोघांचेही एकच. आपले लोक इब्ने खल्दून यांचे पहिले प्रकरण पाठ करतात आणि दुसरे उघडतच नाहीत, याचे मला नवल वाटते.

आता हिशेब पाहू. देशातील एकूण मागणी म्हणजे घरोघरचा खर्च, कारखानदारांची गुंतवणूक, सरकारचा खर्च आणि निर्यातीतून आयात वजा जाता उरणारी रक्कम. सरकारने १०० रुपये मजुरी दिली आणि मजुराने त्यातले ८० बाजारात खर्च केले, तर ते दुकानदाराचे उत्पन्न होते. दुकानदाराने त्यातले ६४ खर्च केले, तर ते पुढच्याचे. असे करत गेले तर १०० रुपयांतून कागदावर ५०० रुपयांचे व्यवहार होतात. प्रत्येक हात निम्मेच खर्च करू लागला तर ही बेरीज २०० वरच थांबते. प्रत्यक्षात वाटेत कर कापला जातो, बचत होते, परगावचा माल घेतला जातो, म्हणून फिरणारी रक्कम बरीच कमी असते. मालेगावच्या बाईने हप्त्याच्या पैशातून सुरतेची साडी घेतली तर त्या रुपयाचा मोठा भाग सुरतेला गेला. गावातल्याच मागावर विणलेली घेतली तर तो गावात आणखी एक-दोन फेऱ्या मारतो. कर म्हणजे याच गणिताची उलटी बाजू. मात्र एक फरक ध्यानात घ्यावा. सरकारने १०० रुपये खर्च केले तर ते पहिल्याच फेरीत पूर्ण शंभर खर्च होतात, आणि कर १०० रुपयांनी कमी केला तर वाचलेल्या पैशाचा काही भाग तिजोरीत किंवा बँकेतच राहतो.

किती राहतो, हे कर कोणाचा कमी केला यावर अवलंबून असते. ज्याच्या घरी महिनाअखेर तेल संपते त्याच्या हाती पडलेला रुपया संध्याकाळपर्यंत बाजारात येतो. ज्याच्याकडे लाखोंच्या ठेवी आहेत त्याला दिलेला रुपया ठेवीत भर घालतो. इस्लामने निसाबपेक्षा अधिक मालावर दरसाल अडीच टक्के जकात लावली आणि ती कोणाकोणाला द्यावी हे ठरवून दिले. जकात ही इबादत आहे, तिला बाजार चालवण्याचे यंत्र म्हणणे बरोबर नाही. परंतु साठून राहिलेला माल गरजवंताच्या हाती पोहोचला की तो फिरू लागतो, हा तिचा परिणाम तर डोळ्यांना दिसतोच. मराठीत मात्र या पवित्र शब्दाचे नशीब विचित्र निघाले. शतकानुशतके 'जकात' म्हटले की मराठी माणसाला गावाच्या वेशीवरचे नाके आणि खोळंबलेल्या मालमोटारी आठवत. मुंबईत हा कर १ जुलै २०१७ रोजी जीएसटी येईपर्यंत टिकला. श्रीमंताच्या साठ्यावरचा हक्क सांगणारा शब्द गरिबाच्या पोत्यावरच्या करासाठी रूढ झाला.

सरकारचा खर्च वाढला की सर्वांचे भले होते असे मात्र मुळीच नाही. याचा सर्वात भयानक दाखला १९४३ चा बंगाल आहे. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला होता, कलकत्ता हे युद्धाचे ठाणे झाले होते. लष्करी बांधकामे, कारखाने, विमानतळ यांवर सरकार पैसा ओतत होते आणि त्यासाठी चलनी नोटांचा पुरवठा वाढत होता. शहरात रोजगार वाढला, कलकत्त्यातील कामगारांना सवलतीच्या दरात धान्य देण्याची व्यवस्थाही झाली. तांदळाचे भाव मात्र आकाशाला भिडले आणि खेड्यातल्या शेतमजुराची, मच्छीमाराची, नावाड्याची, कारागिराची कमाई होती तिथेच राहिली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की, बंगालमधील धान्याचा पुरवठा १९४१ पेक्षा कमी नव्हता, आणि १९४१ मध्ये दुष्काळ पडला नव्हता. या निष्कर्षावर वाद झाले. तरीही सुमारे ३० लाख माणसे मेली असा त्यांचा अंदाज आहे, आणि ती तेजीच्या काळात मेली. सरकारी पैशाने मागणी वाढली होती, पण ती एका वर्गाची मागणी होती आणि तिने दुसऱ्या वर्गाच्या ताटातला भात ओढून नेला.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याच मातीतले आहे. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रातील वडीलधाऱ्यांना आजही आठवतो: अमेरिकेतून आलेली लाल मिलो, कामावर वाटली जाणारी सुकडी, खडी फोडणारे शेतकरी. पिके बंगालपेक्षा कितीतरी वाईट बुडाली होती. सरकारने पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते यांची कामे काढली. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा सखोल अभ्यास केला आहे. त्यांचा एक निष्कर्ष व्यापाऱ्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे. रेशनच्या दुकानांतून मिळणारे धान्य अपुरे होते. परंतु लोकांच्या हाती मजुरीचे पैसे होते, म्हणून आंतरराज्य वाहतुकीवर बंधने असूनही खाजगी व्यापाऱ्यांनी बाहेरून धान्य महाराष्ट्रात आणले. हाती पैसा नसता तर धान्याचे ट्रक उलट दिशेने गेले असते. भाव वाढले, हाल झाले, पण बंगालसारखे मृत्यूचे तांडव झाले नाही. बंगालमध्ये सरकारी पैसा ठेकेदार आणि शहराच्या हाती पडला, इथे तो भुकेल्याच्या हाती पडला.

पुढे ज्येष्ठ गांधीवादी आणि विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला कायद्याचे रूप आले. त्या योजनेची जी बाजू क्वचितच सांगितली जाते ती म्हणजे तिच्या पैशाची व्यवस्था. १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर लावला. पगारदार, वकील, डॉक्टर, व्यापारी सर्वांवर. मोटारवाहनांवर, विक्रीकरावर, बागायती जमिनीवर, शहरी मालमत्तेवरही जादा आकारणी झाली, आणि जितका कर जमेल तितकीच भर राज्य सरकारने घालायची असे ठरले. म्हणजे मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या बचतीतून थोडे काढून बीड-सोलापूरच्या मजुराच्या हाती द्यायचे. कर्ज नाही, नोटांची छपाई नाही, आणि तरीही राज्यातील एकूण मागणी वाढते, कारण देणाऱ्याच्या हाती जो रुपया पडून राहिला असता तो घेणाऱ्याच्या हाती लगेच खर्च होतो. शिवाय पाऊस चांगला झाला, शेतीत काम मिळाले की मजूर आपोआप कामावर येईनासा होतो आणि खर्च आपोआप उतरतो. कोणा मंत्र्याला 'आता बंद करा' म्हणावे लागत नाही. मला तर ही केन्सच्या पुस्तकापेक्षा सरस योजना वाटते. दोष तिच्यातही होते. निधीत पैसे जमा होऊन पडून राहतात, कामे मात्र निघत नाहीत, ही टीका पुढे वर्षानुवर्षे झाली; आणि कर घेऊन खर्च न करणे म्हणजे बाजारातून रक्त काढून बाटलीत भरून ठेवणे होय. व्यवसाय कराची घटनात्मक कमाल मर्यादा १९८८ मध्ये वर्षाला २५० वरून २५०० रुपये झाली, ती आजही तेवढीच आहे. लखपतीलाही २५०० आणि कारकुनालाही २५००!

दिल्लीचे तीन प्रयोगही पाहू. २००८ च्या जागतिक मंदीत डिसेंबर महिन्यात केंद्राने अबकारी कर सरसकट चार टक्क्यांनी आणि फेब्रुवारी २००९ मध्ये आणखी दोन टक्क्यांनी उतरवला. त्याच सुमारास शेतकऱ्यांची कर्जमाफी, सहावा वेतन आयोग आणि देशभर पोहोचलेली रोजगार हमी यांचा पैसाही बाजारात आला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर ठेवायची ठरवलेली वित्तीय तूट सहा टक्क्यांवर गेली. बाजार सावरला. पण सावरल्यावर हात वेळेत आखडला नाही, आणि पुढची चार वर्षे महागाईने सर्वांना भाजून काढले. २०१९ मध्ये उलटा मार्ग धरला गेला. सप्टेंबरमध्ये कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्के झाला; सरकारचा स्वतःचा अंदाज १ लाख ४५ हजार कोटी रुपये सोडून देण्याचा होता. त्या वर्षी बिस्किटांपासून मोटारींपर्यंत खप मंदावलेला होता. गिऱ्हाईकच नसताना कारखानदार नवे यंत्र कशाला बसवील? त्या वर्षी विकासदर सुमारे ४ टक्क्यांवर घसरला. मार्च २०२० मध्ये कोरोना आला, त्यामुळे या प्रयोगाचा निवाडा अर्धाच राहिला. पण माल पडून असताना मालवाल्याचा कर कमी करून माल उठत नाही, एवढे तर कोणताही पेढीवाला सांगेल.

तिसरा प्रयोग २०२५ चा. फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात नव्या कर-पद्धतीत १२ लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त झाले. त्यातून केंद्राने सुमारे १ लाख कोटी सोडले. आपल्या समाजात १२ लाखांची पगारपत्रके किती? सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवून दिले होते की मुसलमानांमध्ये पगारी नोकरदार कमी आणि स्वतःच्या हाताच्या कामावर जगणारे जास्त. माग, गॅरेज, शिलाई, फेरी, बेकरी. अशा माणसाला मंदीत कोणी नोटीस देत नाही. त्याचे गिऱ्हाईक येईनासे होते, एवढेच. म्हणून आयकरापेक्षा २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेली जीएसटीची कपात आपल्या दृष्टीने महत्त्वाची. अडीच हजारांपर्यंतचे कपडे व पादत्राणे ५ टक्क्यांत आली. कृत्रिम तंतूवरचा कर १८ वरून आणि त्याच्या सुतावरचा १२ वरून ५ टक्के झाला. भिवंडी-मालेगावचा मागवाला आजवर सुतावर १२ टक्के भरून कापडावर ५ टक्के वसूल करत होता आणि मधला फरक परताव्याच्या अर्जात अडकून पडत होता. ते भांडवल मोकळे झाले हा खरा फायदा. दुकानदारांनी मात्र एक ओळखून असावे: अप्रत्यक्ष करातली सूट मागणी तेव्हाच वाढवते जेव्हा ती छापील किमतीतून गिऱ्हाइकापर्यंत पोहोचते. मधल्या माणसाने ती गिळली तर सरकारची तिजोरीही रिकामी आणि बाजारही थंड.

आता पुन्हा त्या दीड हजारांकडे. मागणीच्या दृष्टीने ही योजना बरोबर हाती पैसा देते, हे मान्य केले पाहिजे. घरच्या बाईच्या हाती आलेला पैसा पीठ, तेल, औषध, वह्या-पुस्तके यांत जातो आणि गावातच खर्च होतो. 'रेवडी' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी कंपन्यांच्या १ लाख ४५ हजार कोटींना काय म्हणायचे तेही सांगावे. माझा आक्षेप दुसऱ्या दोन गोष्टींना आहे. पहिला वेळेचा. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ चे हप्ते आगाऊ दिले गेले, कारण २० नोव्हेंबरला मतदान होते. दुष्काळ पाहून नव्हे, निवडणूक पाहून दिलेला पैसा बाजाराला एक महिना उठवतो आणि मग खाली बसवतो. व्यापारी मात्र त्या एका महिन्यावर विश्वास ठेवून माल भरतो.

दुसरा आक्षेप पैशाच्या उगमाचा. पागे यांच्या योजनेला स्वतःचा कर होता, हिला नाही. वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज सांगितला गेला होता. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटी ठेवले गेले, आणि त्याच अर्थसंकल्पात राज्याचे कर्ज ९ लाख कोटींच्या पुढे जाणार असे दिसते. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी या योजनेकडे वळवला गेला. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी बोलून दाखवली. आदिवासी वसतिगृहातल्या मुलाच्या वाट्याचा रुपया काढून त्याच्या आईच्या खात्यात टाकला तर बाजारात नवी मागणी कुठून आली? सरकारी कामे केलेल्या ठेकेदारांची बिले अडकली, त्यांनी मजुरांचे अडकवले, मजुरांनी दुकानदाराचे. एका खिशातून काढून दुसऱ्यात घालण्याचा हा खेळ आहे.

कर्ज काढून भागवायचे म्हटले तर व्याजाचा प्रश्न येतोच. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च सुमारे ५० लाख ६५ हजार कोटींचा, आणि त्यातले १२ लाख ७६ हजार कोटी केवळ व्याजाचे. म्हणजे चार रुपयांतला एक! सूदाबद्दल दीनची भूमिका वाचकांना सांगायला नको. निव्वळ बाजाराच्या हिशेबानेही पाहा. कर भरणारा बिस्किटाच्या पुड्यावर जीएसटी देणारा मजूरही आहे, आणि ते व्याज बँका, विमा कंपन्या व रोखे बाळगणाऱ्या सधनांकडे जाते. जकातीने जो प्रवाह श्रीमंताकडून गरिबाकडे वळवला, त्याची दिशा इथे उलटी झाली.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला, त्याकडे या नजरेने पाहिले पाहिजे. कामाचे दिवस १०० वरून १२५ झाले, ही गोष्ट चांगली. पण पूर्वी अकुशल मजुरीचा सर्व खर्च केंद्र करीत असे. नव्या कायद्याने महाराष्ट्रासारख्या राज्याला ४० टक्के वाटा उचलायचा आहे, राज्याला किती रक्कम द्यायची ते केंद्र आधी ठरवणार आहे आणि त्यापेक्षा जास्त झालेला खर्च राज्याच्या माथी. दुष्काळ पडतो त्या वर्षी राज्याचा महसूलही घटतो. केंद्राप्रमाणे राज्याला मनाजोगते कर्ज काढता येत नाही. त्याला घटनेच्या २९३ व्या कलमाचा लगाम आहे. तेव्हा मजूर कामावर येईल त्याच वर्षी काम काढायला पैसे नसतील, ही भीती निराधार नाही. १९७२ ची योजना पावसाबरोबर फुगत व आटत होती, नवीचे माप आधीच ठरलेले आहे.

दरवर्षी मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प येण्यापूर्वी आपल्या व्यापारी संघटना मंत्र्यांना निवेदन देतात. त्यात बहुधा एकच मागणी असते, कर कमी करा. निवेदनात आणखी दोन ओळी घालायला हरकत नसावी: राज्याने रोजगार हमीच्या आपल्या ४० टक्क्यांची तरतूद आधी करून ठेवावी, आणि व्यवसाय करावरची २५०० ची मर्यादा उठवून मोठ्या उत्पन्नावर मोठा दर लावण्याची मुभा राज्याला मिळावी म्हणून दिल्लीकडे आग्रह धरावा. दुसरी ओळ लिहिताना काहींचा हात अडखळेल, कारण तो कर आपल्यालाही भरावा लागेल. पण बीडच्या मजुराची मजुरी तीन महिने रखडली तर त्याच्या गावचा किराणावाला घाऊक पेठेत माल उचलायला येत नाही, आणि पेठेतला माल आपलाच असतो.